समुद्रावरचे षटकोनी ढग

प्रश्न : व्हॉट्सॲपवर उपग्रहाचे एक चित्र फिरते आहे. समुद्रावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षटकोनी ढग दिसतात आणि 'याच ढगांनी बर्म्युडा त्रिकोणात जहाजे बुडवली' असे खाली लिहिले आहे. खरे काय?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : ढग खरे, बुडवाबुडवी खोटी. २०१६ साली एका अमेरिकी वाहिनीने बहामा बेटांजवळच्या अशा ढगांखाली ताशी २७० किलोमीटर वेगाचे 'हवेचे बॉम्ब' आदळतात असे सांगितले. तेव्हापासून ही गोष्ट तिखटमीठ लावून फिरते आहे.

पोळे मात्र बघण्यासारखे आहे. कोमट समुद्रावरून थंड हवा वाहू लागली की ती खालून तापते, वर चढते, थंडावते आणि शेजारून पुन्हा उतरते. या चढउताराची घरे पडतात. द्रवाचा पातळ थर खालून तापवला की त्यावर अशीच नक्षी उमटते, हे आंरी बेनार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०० साली दाखवले होते. काही घरांत मधोमध ढग आणि कडा मोकळ्या. काहींत उलट, मध्ये निरभ्र आणि भोवती ढगांचे कडे. नेमके सहा कोन मोजत बसू नका, निसर्गाकडे कंपासपेटी नसते. एकेक घर तीस-चाळीस किलोमीटर रुंद, म्हणजे जवळजवळ तुमचे दारव्हा ते यवतमाळ. बोटीवरच्या खलाशाला त्यातले 'आभाळ आलंय' एवढेच कळायचे. १ एप्रिल १९६० रोजी टायरॉस-१ हा पहिला हवामान उपग्रह वर गेला, तेव्हा कुठे ही नक्षी अख्खी दिसू लागली.

आपल्याकडे १७ फेब्रुवारी २०२४ रोजी सोडलेला इन्सॅट-३डीएस सुमारे ३६,००० किलोमीटरवरून ढगांवर नजर ठेवतो. त्याचे अवरक्त चित्र म्हणजे खरे तर तापमानाचा नकाशा, तेव्हा आकाराला भुलू नका. पोळ्याचे ढग ठेंगणे, जवळपास पाण्याइतकेच उबदार. म्हणून गडद राखाडी, कधी दिसतही नाहीत. पंधरा किलोमीटर उंच चढलेल्या पावसाळी ढगांचे माथे उणे सत्तर अंशांपर्यंत गार असतात आणि पांढरेशुभ्र उठून दिसतात.

दारव्ह्यात बसून पाहायचेच तर बंगालचा उपसागर पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये ओडिशाच्या किनाऱ्यालगत पांढरा गोळा जमून पश्चिमेकडे सरकू लागला, तर दोन-तीन दिवसांत विदर्भात झड लागू शकते. ही चित्रे हवामान खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. कपाशीवर फवारणी काढण्याआधी एकदा बघून घ्या.