सुट्या तेलाचा धनी कोण?

पाचोऱ्यात आमचं किराणा दुकान वडिलांच्या काळापासूनचं. अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी नमुने घ्यायला येतात तेव्हा मी गल्ल्यावर असतो. तिथे बसून पटलेल्या काही गोष्टी लिहितो.

१. बिलाशिवाय माल उतरवून घेऊ नये. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार, माल कोणाकडून घेतला हे दाखवता आलं नाही तर जबाबदारी विकणाऱ्यावर येते. बिल असेल तर तपास ठोक व्यापाऱ्याकडे आणि पुढे कारखान्यापर्यंत जातो. मूळ भेसळ करणारा तिथेच सापडतो.

२. नमुना घेताना दुकानदाराने समोर उभं राहावं. त्याचे चार भाग करून सील होतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात. चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, असं दुकानदार सांगू शकतो. हा हक्क वापरावा. अहवाल चुकीचा वाटला तर तीस दिवसांत अपील करता येतं.

३. "छापा पडला, दंड भरून सुटला," असं लोक चिडून म्हणतात. खोट्या लेबलाला तीन लाखांपर्यंत आणि कमी दर्जाच्या मालाला पाच लाखांपर्यंत दंड आहे. तुरुंग आहे तो आरोग्याला घातक अन्नासाठी. ही विभागणी मला रास्त वाटते. पण 'शेंगदाणा' ठळक छापायचं आणि मिश्र तेल असल्याचं बारीक अक्षरात दडवायचं, ही चूक नव्हे, ठरवून केलेली फसवणूक आहे. तिथे दंडाची वरची मर्यादाच लावावी.

४. ग्राहकालाही ठरलेली फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, आणि दोष निघाला तर फी परत मिळते. मात्र तेल बरणीत ओतून पिशवी फेकली की लॉट नंबरही गेला. माल संपेपर्यंत वेष्टन ठेवा.

५. सगळ्यात जास्त बोलायचंय ते सुट्या तेलाबद्दल. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचं तेल मिसळलं गेलं, जलोदरासारखी सूज येऊन साठाहून अधिक माणसं दगावली. तोच पिवळा धोतरा आपल्या बांधांवरही उगवतो. त्यानंतर सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर बंधनं आली. तरी आठवडे बाजारात दहा-वीस रुपयांचं तेल बाटलीत घेणारी मजूर बाई दिसते. तिच्या हातात ना बिल, ना लेबल, ना लॉट नंबर. उद्या घरात कोणी आजारी पडलं तर कायद्याने कोणाचा माग काढायचा? रोजंदारीवर लिटरची पिशवी परवडत नाही म्हणून ती सुटं घेते, त्यात तिचा दोष नाही. मी शंभर आणि दोनशे मिलीच्या सीलबंद पिशव्या मुद्दाम ठेवतो. त्यात नफा थोडा, पण त्या खपतात. खान्देशातल्या तेल गिरण्यांनी असं लहान पॅकिंग वाढवावं, आणि अधिकाऱ्यांनी पक्क्या दुकानांइतकेच नमुने बाजाराच्या दिवशी पालाखालच्या डब्यांतूनही घ्यावेत.