वर्ध्यातल्या खोलीत हेडफोनची पारख

दोन अ‍ॅम्प्लिफायर किंवा दोन डॅक (डिजिटल संकेताचे अ‍ॅनालॉगमध्ये रूपांतर करणारी यंत्रे) यांची तुलना बहुतेक वेळा बिघडते ती आवाजाच्या पातळीमुळे. एकच ध्वनिमुद्रण अर्ध्या डेसिबलने चढे वाजले, तर ते चढे आहे हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ते त्याला अधिक खुले, अधिक भरीव, गायकाच्या अधिक जवळचे वाटते. पातळीत मोठा फरक असेल तर त्यात आणखी भर पडते. मंद आवाजात माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि आवाज वाढवला की तो वर येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवले होते. दुकानात जे यंत्र ‘दमदार’ वाटते ते अनेकदा नुसते मोठ्याने लावलेले असते.

वर्धा जिल्ह्यातल्या शौकिनाला हे जास्त जपावे लागते. आर्वी, हिंगणघाट किंवा पुलगावात बसून तीस-चाळीस हजारांचा हेडफोन घ्यायचा म्हणजे तो सहसा न ऐकताच मागवायचा. त्यामुळे खरी पारख घरी येते, तीही माल परत करण्याच्या मुदतीत. ती कानाच्या भरवशावर उरकली, तर बहुधा जास्त महाग वस्तूच जिंकते.

पातळी जुळवण्यासाठी मल्टिमीटर लागतो, पण कोणताही चालत नाही. इलेक्ट्रिकलच्या प्रत्येक दुकानात मिळणाऱ्या स्वस्त पिवळ्या मीटरची एसीची पट्टी २०० व्होल्टची असते आणि तो ०.१ व्होल्टहून बारीक दाखवत नाही. एसीचे मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर घ्यावा. मोबाइलवर ४०० हर्ट्झचा शुद्ध सूर लावावा (साध्या मीटरचे वाचन त्याहून वरच्या सुरांवर भरवशाचे राहत नाही), हेडफोन जोडलेलाच ठेवावा आणि वायच्या आकाराच्या स्प्लिटरच्या मोकळ्या तोंडावर व्होल्टेज मोजावे. प्रस्तुत लेखकाच्या टेबलावर दोन अ‍ॅम्प्लिफायरचे नॉब आधी कानाने ‘अगदी सारखे’ करून घेतले होते. मीटरने एकावर ०.५० आणि दुसऱ्यावर ०.५३ व्होल्ट दाखवले. सहा टक्क्यांचा हा फरक म्हणजे बरोबर अर्धा डेसिबल. तो काढून टाकल्यावर दुसऱ्या यंत्राला तोवर बहाल झालेली बहुतेक विशेषणे गळून पडली. एका टक्क्यापर्यंत, म्हणजे साधारण ०.१ डेसिबलपर्यंत जुळवणी झाली की पुढे ऐकण्यात अर्थ आहे.

त्यानंतर डोळे बाजूला ठेवायचे. घरातल्या कोणाला तरी तारा बदलायला बसवावे आणि कोणते यंत्र चालू आहे ते ऐकणाऱ्याला कळू देऊ नये. सोळापैकी बारा वेळा ओळख बरोबर आली तर फरक असण्याची शक्यता चांगली. नुसत्या अंदाजाने बारा किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याचा संभव चार टक्क्यांच्या आसपास असतो. नऊ-दहा बरोबर आल्या तर ती नाणेफेक समजावी. बदलही झटपट व्हायला हवा, कारण बारीक फरकाची आठवण कानात काही सेकंदच टिकते. सकाळी एक यंत्र आणि जेवण करून दुसरे, ही तुलनाच नव्हे. अमेरिकेत मेयर आणि मोरन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत उच्च प्रतीचे एसएसीडी ध्वनिमुद्रण थेट एकदा आणि साध्या सीडीच्या दर्जातून नेऊन एकदा असे ऐकवले. ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरे निम्मीच आली.

हेडफोनांची मात्र अशी आंधळी तुलना जमत नाही. वजन, गादीचा स्पर्श, डोक्यावरची पकड यांवरून डोळे मिटलेला माणूसही हेडफोन ओळखतो. पण इथले फरक इतके ठळक असतात की आंधळ्या परीक्षेची गरजही कमी भासते. खर्चाचा मोठा वाटा हेडफोनवरच जावा असे म्हणतात ते यामुळेच. दोन हेडफोनांत अमुक एका पट्टीत पाच-सहा डेसिबलचा फरक सहज असतो. दोन बऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्याचा दहावा भागही क्वचितच. सेनहायझरच्या एचडी ८०० मध्ये ६ किलोहर्ट्झच्या आसपास एक उंचवटा होता, आणि तो बसवण्यासाठी पुढच्या एचडी ८०० एस मध्ये खास शोषक घातला गेला. तो उंचवटा अ‍ॅम्प्लिफायर बदलून जात नाही. इक्वलायझरने बऱ्यापैकी जातो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

हेडफोन डोक्यावर कसा बसतो यावरही आवाज ठरतो. चष्म्याच्या काडीमुळे गादी आणि कातडी यांच्यात फट राहिली की बंद पाठीच्या हेडफोनचा खर्ज निसटतो. मग त्याला ‘पातळ’ म्हटले जाते आणि दोष अ‍ॅम्प्लिफायरला लागतो. डोक्याला तेल लावण्याची सवय असलेल्यांनी गाद्या लवकर बदलायची तयारी ठेवावी. दबलेल्या गादीमुळे कान पडद्याच्या जवळ जातो आणि आवाजाचा तोल बदलतो, म्हणून जुन्या गादीचा आणि नव्या गादीचा हेडफोन एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

अ‍ॅम्प्लिफायर लागतो की नाही, हे आकडेमोडीने ठरते. एचडी ६५० चा अवरोध ३०० ओहम आहे आणि कंपनीच्या आकड्यानुसार त्याला १ व्होल्ट दिला की १०३ डेसिबलचा आवाज निघतो. चांगला यूएसबी-सी डोंगल १ व्होल्ट देतो. ख्यालगायन ७० ते ७५ डेसिबलवर ऐकणाऱ्याला सर्वांत जोराच्या क्षणासाठी वीस डेसिबल वर धरले तरी ९५ पुरतात. म्हणजे ‘३०० ओहमला मोठा अ‍ॅम्प हवाच’ ही सरसकट सांगितली जाणारी गोष्ट इथे लागू पडत नाही. उलट हायफायमनचा प्लॅनर पद्धतीचा एचई-६ हा अवघ्या ५० ओहमचा, पण १ मिलिवॅटला ८३.५ डेसिबलच देणारा. जोराने ऐकणाऱ्याला त्याच्याकडून १०५ डेसिबल काढायचे तर सुमारे १४० मिलिवॅट, म्हणजे २.६५ व्होल्ट लागतात. ते डोंगलच्या आवाक्याबाहेरचे आहे. केवळ ओहम पाहून खरेदी करणाऱ्याचे गणित इथे उलटे पडते.

अ‍ॅम्प्लिफायरांत खरा ऐकू येणारा फरक पडतो तो त्यांच्या आउटपुट अवरोधामुळे. ज्या हेडफोनचा अवरोध सगळ्या सुरांवर सारखा नसतो तिथे तो कामी येतो. एचडी ६५० चा अवरोध मधल्या पट्टीत ३०० च्या आसपास, तर खर्जात १०० हर्ट्झच्या जवळपास ५०० पर्यंत चढतो. अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा अवरोध १२० ओहम असला (जुनी मानके तेवढा सुचवत आणि काही व्हॉल्व्हची यंत्रे आजही तशी असतात), तर खर्ज मधल्या पट्टीपेक्षा एका डेसिबलने उचलला जातो. २ ओहमच्या यंत्रावर हा फरक ०.०२ डेसिबल, म्हणजे शून्यच. व्हॉल्व्हच्या ज्या ‘उबेचे’ इतके कौतुक होते, तिचा मोठा भाग बरेचदा हाच असतो. ती आवडणे यात गैर काहीच नाही. पण तीच ऊब इक्वलायझरची एक पट्टी सरकवूनही मिळते. प्लॅनर हेडफोनचा अवरोध जवळजवळ सपाट असल्याने त्यांच्यावर हा परिणाम होत नाही, फक्त आवाज उतरतो.

डॅक आणि तारा यांवर फार लिहिण्यासारखे नाही. नीट बांधलेल्या डॅकमधले फरक पातळी जुळवल्यावर सापडणे दुर्मीळ. तार लांबीला पुरेशी आणि जोडणीला घट्ट असली की झाले.

जागेचा आणि ऋतूचा विचार मात्र विदर्भात टाळता येत नाही. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि घरोघरी कूलर लागतात. त्यांचा घरघराट उघड्या पाठीच्या हेडफोनमधून सरळ आत येतो आणि तंबोऱ्याचा खर्ज झाकून टाकतो. कूलर बंद करावा तर कानाभोवती घाम साचतो. क्लास ए किंवा व्हॉल्व्हचे यंत्र आधीच तापलेल्या खोलीत आणखी शेगडी पेटवते ते वेगळेच. बारीक तुलना हिवाळ्याच्या रात्रींसाठी राखून ठेवावी.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकलेले मत ग्राह्य धरू नये. स्क्वेअर वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर भणभणतो आणि तो आवाज हेडफोनमध्येही उतरू शकतो. प्युअर साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर हा त्रास सहसा होत नाही. जुन्या घरांतल्या दोन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग नसते. लॅपटॉपचा चार्जर लावताच गुणगुण सुरू झाली आणि काढताच थांबली, तर दोष डॅकचा नाही. आधी वायरमनला बोलवावे.

परीक्षेसाठी कोणते संगीत लावावे? केसरबाई केरकर यांची १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर गेलेली भैरवी कितीही थोर असली, तरी जुन्या तबकडीवरच्या त्या साडेतीन मिनिटांत यंत्राची कसोटी लागत नाही. अलीकडचे, स्वच्छ घेतलेले ध्वनिमुद्रण हवे. काळी एकला गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्यातली खर्जाची तार ६९ हर्ट्झवर असते आणि जवारीमुळे तिचे स्वरांश काही हजार हर्ट्झपर्यंत पसरतात. एका तारेत जवळजवळ सगळा पट्टा तपासला जातो. मिरजेच्या चांगल्या तंबोऱ्यासमोर प्रत्यक्ष बसलेल्याला खोटी जवारी लगेच कळते. बायाच्या घसीटीत खर्जातला फुगवटा दिसतो. वरच्या पट्टीसाठी खंजिरी घ्यावी. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे तिचा आवाज विदर्भाच्या कानात बसलेला आहे, त्यामुळे झांजा टोचू लागल्या किंवा मऊ पडल्या की ते ध्यानात येते.

बारीक तपशील शोधताना नॉब नकळत वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला तो वेळ निम्मा होतो: ८९ डेसिबलवर आठवड्याचे पाचच तास. ज्या व्होल्टेजवर जुळवणी केली, त्याच जागी नॉबवर खडूने किंवा पेन्सिलने खूण करून ठेवली की तुलनाही स्थिर राहते आणि कानही वाचतो. माल परत करण्याची मुदत संपेपर्यंत खोका, गाद्यांवरची प्लास्टिकची वेष्टने आणि बिल जपून ठेवावे, आणि सुट्या गाद्या भारतात मिळतात की नाही हे पैसे भरण्याआधीच विचारून घ्यावे.