पिकाचा ताण आणि पानांचीं दारें

पावसानें ताण दिला म्हणजे दुपारीं पानें मलूल होतात आणि शेतकऱ्याचें मन धास्तावतें. परंतु पान मलूल दिसण्यापूर्वींच पिकानें आपलीं दारें लावण्यास आरंभ केलेला असतो. हें कसें घडतें तें कळल्यास पाणी देण्याची वेळ ठरविणें सोपें जातें. म्हणून त्याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

पानांवर जीं सूक्ष्म छिद्रें असतात त्यांस पर्णरंध्रें म्हणतात. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंस दोन रक्षकपेशी असतात. त्या पाण्यानें फुगल्या कीं रंध्र उघडतें, सैल पडल्या कीं मिटतें. ह्या पेशींत दोन प्रकारचीं प्रथिनें काम करितात. ‘कायनेझ’ हें दुसऱ्या प्रथिनास फॉस्फेटचा अंश जोडून त्याचें काम बदलतें. ‘फॉस्फटेज’ तो अंश काढून घेतें. कायनेझ हा बैल मानिला, तर फॉस्फटेज हें त्याचें दावें होय. जमिनींत ओल पुरेशी असते तोंवर दावें बैलास हलूं देत नाहीं.

मग दावें सोडतो कोण? अमेरिकेंत शॉन कटलर व जर्मनींत एर्विन ग्रिल यांच्या गटांनीं मोहरीच्या कुळांतील अरॅबिडॉप्सिस ह्या लहान रोपावर प्रयोग करून २००९ सालीं ह्याचा उलगडा केला. ताण पडला कीं झाडांत अ‍ॅबसिसिक आम्ल वाढतें. तें एका ग्राही प्रथिनाच्या खोबणींत बसतें, आणि मग तें प्रथिन फॉस्फटेजचें तोंडच बंद करितें. मोकळें झालेलें कायनेझ रक्षकपेशींतील क्षारांच्या वाटा उघडतें. क्षार बाहेर पडतात, त्यांच्यामागें पाणी जातें व रंध्र मिटतें. ज्या रोपांतील फॉस्फटेज बिघडल्यामुळें ग्राही प्रथिनास आवरत नाहीं, त्याचीं रंध्रें उघडींच राहतात आणि तें लवकर सुकतें.

विशेष हें कीं, तेंच आम्ल झाडाकडून नवें फॉस्फटेजही करवून घेतें. त्यामुळें पाणी मिळून आम्ल ओसरलें कीं दावें तयारच असतें, व दारें पुन्हां उघडतात.

परंतु दारें लावण्याची किंमत पिकास मोजावी लागते. मिटलेल्या रंध्रांतून पाणी जात नाहीं, तसा कार्बन डायऑक्साइड वायुही आंत येत नाहीं. पानांत अन्न कमी तयार होतें. पीक जगतें, पण वाढ खुंटते. ज्वारी पोटरींत किंवा फुलोऱ्यांत असतां असें झालें, तर तोटा दाण्यांतच दिसतो.

म्हणून आमची सूचना अशी आहे कीं, पान सुकण्याची वाट पाहूं नये. खुरप्यानें वीतभर खोल माती काढून मुठींत दाबावी. भारी जमिनींतील माती गोळा न होतां भुरभुरली, तर ओल सरत आली असें समजावें. विहिरींत थोडेंच पाणी असल्यास तें फुलोऱ्यासाठीं राखावें, आणि कोळपणीनें भेगा वेळींच बुजवाव्या. पिकाची शिस्त पिकास वांचविते. उत्पन्न मात्र आपल्या वेळींच्या पाण्यानें वांचतें.