क्रिकेटवरील विश्वास आणि कापसाचा काटा

घरात क्रिकेटचा सामना लागला की आमचे बाबा उठून जातात. "सारं अगोदरच ठरलेलं असते, बाबू," एवढेच म्हणतात. माझ्या जन्माआधीची ही अढी कशी बसली, याचा शोध घेतला तेव्हा जे कळले ते येथे मांडत आहे.

१९ मार्च २००० रोजी नागपूरला भारत व दक्षिण आफ्रिका यांच्यात एकदिवसीय सामना झाला. बाबांनी तो शेजाऱ्याच्या टीव्हीवर पाहिला होता. पुढच्याच महिन्यात दिल्ली पोलिसांनी आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए व सट्टेबाज यांचे संगनमत उघडकीस आणले. नागपूरच्या सामन्यात २० पेक्षा कमी धावा काढण्यासाठी कर्णधाराने १५ हजार डॉलर देऊ केले व आपण होकार दिला, असे हर्शेल गिब्जने किंग आयोगापुढे कबूल केले. प्रत्यक्षात त्याने ७४ धावा काढल्या! परंतु एकदा सौदा उघड झाला की खरी खेळीही संशयास्पद वाटू लागते. बाबांचे तेच झाले.

मग गेलेला विश्वास परत कसा मिळवावा? केवळ शिक्षेने तो मिळत नाही. क्रोनिएवर आजन्म बंदी आली. आपल्याकडे नियामक मंडळाने डिसेंबर २००० मध्ये महंमद अझरुद्दीनवरही आजन्म बंदी घातली. पण २०१२ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बेकायदेशीर ठरवली. शिक्षा जाहीर करणे सोपे, न्यायालयात टिकेल अशी चौकशी करणे अवघड. विजयानेही तो मिळत नाही. २००१ मध्ये आपण कोलकात्याला ऑस्ट्रेलियाला हरवले आणि प्रेक्षक सुखावले; बाबा मात्र परतले नाहीत.

याचे उत्तर मला कापसाच्या काट्यापाशी सापडले. एका व्यापाऱ्याने मापात मारल्यापासून बाबा कुणाच्या शपथेवर विश्वास ठेवत नाहीत. काट्यावरचा सरकारी शिक्का पाहतात, काटा शून्यावर आहे ना हे पाहतात, मगच गाडी रिकामी करतात. म्हणजे विश्वास हा तपासणीतून येतो. क्रिकेटमध्येही २००० साली आंतरराष्ट्रीय परिषदेने भ्रष्टाचारविरोधी पथक स्थापन केले. सट्टेबाज भेटल्याचे लपवणे हाही आज गुन्हा आहे. त्यासाठी २०१९ मध्ये बांगलादेशच्या शकीब अल हसनसारख्या मोठ्या खेळाडूवरही बंदी आली.

हा लेख मी बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "काटा तपासणाऱ्यालेही कोणी तपासते का?"

मला २०१३ चे आयपीएल प्रकरण आठवले. तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांच्याच कंपनीचा चेन्नई संघ होता आणि त्यांचे जावई सट्टा प्रकरणात सापडले होते. अखेर सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले आणि न्यायमूर्ती लोढा समितीने २०१५ मध्ये चेन्नई व राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठी निलंबित केले. खेळाडूने प्रामाणिक असावे हे खरेच. पण तपासणाराही उघड्यावर असला पाहिजे, असे माझे नम्र मत आहे.

पुढच्या सामन्याला बाबा बसतील की नाही, सांगता येत नाही. पण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, एवढे मला कळले.