प्रिंटर एक, संगणक दोन : घरातल्या घरात शेअरिंग



प्रकल्पांचे दिवस आले की घराघरांत पेन ड्राइव्हची धावपळ सुरू होते. घर दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यातले असो की नव्या वस्तीतल्या फ्लॅटमधले, चित्र सारखेच असते. लॅपटॉप ताईच्या खोलीत आणि प्रिंटर आजोबांच्या टेबलावरच्या संगणकाला जोडलेला. मग फाइल पेन ड्राइव्हवर उतरवायची, खाली न्यायची, आजोबांना उठवायचे, चूक सापडली की पुन्हा वर! शिवाय तोच पेन ड्राइव्ह बाहेरच्या दुकानातही लागतो आणि येताना व्हायरस घेऊन येतो. ही ये-जा थांबवता येते, आणि त्यासाठी नवे काही विकत घ्यावे लागत नाही. या अंकात आपण तोच पाठ घेऊ.

शेअरिंग म्हणजे नेमके काय?

शेअरिंग म्हणजे घराच्या किल्ल्या वाटणे नव्हे. ते ग्रंथालयासारखे आहे आणि बडोदेकरांना ग्रंथालय समजावून सांगायला नको. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम ॲलन्सन बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले. खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. पुस्तक एक, वाचक अनेक. पण वाचण्याची परवानगी म्हणजे पुस्तकात खाडाखोड करण्याची परवानगी नव्हे. संगणकावरही वाचणे आणि बदलणे हे दोन वेगळे अधिकार आहेत. आजच्या पाठाचे मर्म एवढेच आहे.

पायऱ्या (विन्डोज ११ साठी)

१) दोन्ही संगणक एकाच राउटरवर हवेत. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या 'गेस्ट' वायफायवरून ते एकमेकांना सहसा दिसत नाहीत.

२) 'सेटिंग्ज'मधील 'नेटवर्क अँड इंटरनेट'मध्ये जाऊन घरचे नेटवर्क 'प्रायव्हेट' करावे. मग 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज'मधून 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज' उघडावे. तेथे प्रायव्हेटखाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' सुरू करावे. पब्लिकखाली दोन्ही बंदच ठेवावे. 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' मात्र सुरू असू द्यावे. ही पायरी दोन्ही संगणकांवर करावी.

३) प्रिंटर असलेल्या संगणकावर 'घर' नावाचे वेगळे साधे खाते उघडून त्याला पासवर्ड द्यावा. म्हणजे आजोबांचा स्वतःचा पासवर्ड कोणाला सांगावा लागत नाही.

४) त्याच संगणकावर 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्ये आपला प्रिंटर निवडावा. 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मधील 'शेअरिंग'मध्ये 'शेअर धिस प्रिंटर'वर खूण करून सोपे नाव द्यावे.

५) एक नवा फोल्डर करावा, उदाहरणार्थ 'शाळा'. त्यावर माउसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज', मग 'शेअरिंग' आणि 'शेअर' असे जावे. यादीत 'घर' हे खाते जोडून 'रीड' किंवा 'रीड/राइट' अधिकार द्यावा.

६) आता लॅपटॉपवर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा (\\) आणि लगेच पहिल्या संगणकाचे नाव लिहून एंटर दाबावे. नाव व पासवर्ड विचारल्यास 'घर' खात्याचा द्यावा; येथे पिन चालत नाही. फोल्डर आणि प्रिंटर समोर दिसतील. प्रिंटरवर उजवे बटण दाबून 'कनेक्ट' करावे.

एक लक्षात ठेवावे : पहिला संगणक बंद असला किंवा झोपी गेला असला तर छपाई होणार नाही. ज्यांचा प्रिंटर स्वतःच वायफायवर चालतो, त्यांना चौथ्या पायरीची गरज नाही.

सगळी ड्राइव्ह का उघडू नये?

पुष्कळ घरांत कोणी जाणकार येतो आणि कटकट नको म्हणून संपूर्ण ड्राइव्ह सर्व अधिकारांसह खुली करून जातो. काम तर होते, पण त्याच ड्राइव्हवर आजोबांच्या पेन्शनची कागदपत्रे असतात, लग्नाचे फोटो असतात. नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावरची फाइल पुसली तर ती रिसायकल बिनमध्ये जात नाही, एकदम जाते. धाकट्याने खेळता खेळता दाबलेले एक बटण पुरे! म्हणून फोटोंच्या फोल्डरला फक्त 'रीड', मुलांच्या कामाच्या फोल्डरला 'रीड/राइट', आणि बाकीचे शेअरच करू नये. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवून ती डिस्क काढून ठेवावी. शेअर केलेला फोल्डर म्हणजे दुसरी प्रत नव्हे.

दुसरा धोका बाहेरचा. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस सुमारे १५० देशांत पसरला. ब्रिटनमधील रुग्णालयांची कामे अडली. तो पसरला तो याच शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतील, म्हणजे 'एसएमबी १.०' मधील छिद्रातून. कोणी काही क्लिक न करताही तो एका संगणकावरून दुसऱ्यावर जात असे. छिद्र बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच दिली होती. ती ज्यांनी बसवली होती, त्यांच्या संगणकांत या छिद्रातून शिरकाव झाला नाही. म्हणून अपडेट टाळू नये, आणि जुना एक्सपी संगणक जोडण्यासाठी कोणी 'एसएमबी १.०' सुरू करा म्हटले तर नम्रपणे नकार द्यावा. विन्डोज १० ची नेहमीची मोफत साथही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हेही ध्यानात असू द्यावे.

स्वाध्याय

१. घरातील संगणकावर आज काय काय शेअर आहे, याची यादी आईबाबांसोबत बसून करा.
२. प्रत्येक फोल्डरपुढे लिहा : कोणी वाचावा? कोणी बदलावा?
३. घरच्या वायफायचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला, ते विचारा.

मुलांनो, ही जोडणी तुम्हीच करा, पण आजोबांना शेजारी बसवून, समजावून. त्यांच्या संगणकातले काय उघडायचे आणि काय बंद ठेवायचे, हे त्यांनीच ठरवायचे आहे. विचारून घेण्याची सवय घरात लागली, तर पुढे ती कार्यालयातही उपयोगी पडेल, असा आम्हांला विश्वास वाटतो.