पाठ आणि उपासना

आपल्या भागातील अनेक घरांत मुलाचा अक्षराभ्यास बासर येथे श्रीसरस्वतीच्या चरणी होतो. २०१६ पर्यंत ते क्षेत्र आपल्याच जिल्ह्यात होते. पुढे तेच मूल आपण शाळेच्या स्वाधीन करतो. तेथील एखादा पाठ वा प्रार्थना आपल्या श्रद्धेस बाधक वाटली, तर पालकाने काय करावे, याचा विचार आज करू.

आपला जिल्हा निजामी राज्यात होता, तेव्हाची गोष्ट. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. जे विद्यार्थी नमले नाहीत त्यांना विद्यापीठास मुकावे लागले, आणि त्यांतील अनेकांस नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक. प्रार्थनेवर सत्तेचा हुकूम चालला म्हणजे काय होते, हे आमच्या वाडवडिलांनी असे पाहिले.

१९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेचा अठ्ठाविसावा अनुच्छेद या दृष्टीने वाचावा. सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत ते दिले जात असेल, तर पालकाच्या संमतीवाचून अज्ञान मुलास त्यात किंवा तेथील उपासनेत सहभागी करता येत नाही. मात्र २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, निरनिराळ्या धर्मांची माहिती देणे म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे.

म्हणून आमचे सांगणे असे की, पालकांनी प्रथम पुस्तक स्वतः वाचावे, मग शिक्षकांना भेटावे. उपासनेची सक्ती असेल तर आपली असंमती नम्रपणे लेखी कळवावी. परंतु केवळ परधर्माची माहिती आहे म्हणून मुलाला वर्गाबाहेर बसवू नये. जाणून घेतल्याने श्रद्धा ढळत नाही.

आणि हा न्याय दुहेरी आहे. केरळात १९८५ साली ख्रिस्ती पंथातील तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. म्हणून त्यांना शाळेतून काढले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्यास सांगितले. उद्या शाळेतील सरस्वतीपूजनाच्या वेळी शेजारचे एखादे मूल हात न जोडता शांत उभे राहिले, तर त्याला कोणी टोचून बोलू नये, हे आपण आपल्या मुलांस आजच शिकवावे. जे संरक्षण आपल्या लेकरास हवे, ते त्या लेकरासही आहे.