ब्रेकच्या रबराने शिकवलेलं

वडप्यात राहणाऱ्याला महामार्ग टाळता येत नाही. ‘समृद्धी’चा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला आमच्या शेजारीच येऊन टेकला, पण तिथे दुचाकीलाही मनाई; सायकलची तर बातच सोडा. तेव्हा पडघा-शहापूरकडे निघायचं ते जुन्या मुंबई-नाशिक रस्त्यानेच. गोदामातून कंटेनर कधी आडवा येईल, सांगता येत नाही. म्हणून रोड बाइकचे ब्रेक घरीच बदलायला लागलो. त्यातून जे उमगलं ते असं.

१. रबर झिजल्याचं आधी कानाला कळतं. खरखर ऐकू आली की मी रबर काढून उजेडात धरतो. त्यात रस्त्याची कच आणि रिमचेच चमचमणारे कण रुतलेले असतात. टाचणीने एकेक टोकरून काढावे लागतात. पावसाळ्यात तर ही कच कानशीसारखी रिम घासत राहते. रबर स्वस्तात मिळतं, रिम नाही. बऱ्याच रिमवर झीज कळण्यासाठी बारीक खाच किंवा ठिपका असतो. तो पुसला गेला की रिमच बदलायची.

२. सगळ्यात जास्त वेळ वायरीने खाल्ला. बाहेरून सगळ्या वायरी सारख्याच दिसतात. पण ब्रेकची वायर साधारण दीड मिलिमीटर जाड, गिअरची त्याहून बारीक. वाकड्या हँडलच्या रोड बाइकला वायरीचं डोकं निमुळतं लागतं, सरळ हँडलच्या सायकलला वेगळं. खरा घोळ आउटरचा, म्हणजे वायरीच्या बाहेरच्या आवरणाचा. ब्रेकच्या आउटरमध्ये पोलादी पट्टी वेटोळी गुंडाळलेली असते, गिअरच्या आउटरमध्ये तारा उभ्या असतात. गिअरचं आउटर ब्रेकला लावलं तर घरात छान चालतं; उतारावर जीव खाऊन लिव्हर दाबली की फाटू शकतं. दुकानदार कितीही म्हणो, ‘चालतंय की, सगळे हेच नेतात’, इथे तडजोड करायची नाही.

आउटर कापायला धारदार कटरच हवा. बोथट पकडीने कापलं की आतल्या प्लास्टिकच्या नळीचं तोंड चिमटतं आणि ब्रेक जड होतो. ते तोंड मोकळं करायलाही टाचणीच.

३. नवी वायर पहिल्याच दिवशी सैल पडते, आणि आपण वायरीला दोष देतो. खरं तर तार फारशी ताणली जात नाही; आउटर आपापल्या खोबणीत बसायला थोडी जागा खातं. म्हणून बोल्ट आवळल्यावर मी लिव्हर जोर लावून पुन्हापुन्हा दाबतो, आणि मग वायर परत ओढून घेतो. रबर पूर्ण रिमवरच टेकायला हवं. वर सरकलं तर टायर कापतं, खाली गेलं तर आऱ्यांत शिरू शकतं.

४. ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील’ हे लहानपणी घरोघरी ऐकवलं जायचं. ब्रेक हाताळू लागल्यावर कळलं, की सायकल मुख्यतः पुढचाच ब्रेक थांबवतो. वेग कमी होताना भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक हलकं होऊन घसरू लागतं. म्हणून बूड मागे सरकवायचं, कोपर ताठ ठेवायचे, आणि पुढचा ब्रेक हळूहळू दाबत न्यायचा. रविवारी एखाद्या बंद गोदामासमोरच्या मोकळ्या रस्त्यावर हा सराव फार चांगला होतो. दुसऱ्याची सायकल घेतली तर पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते आधी बघावं. आपल्याला मोटरसायकलची, म्हणजे उजव्या हाताची सवय असते.

५. सगळंच घरी करण्याचा हट्ट मात्र मी धरत नाही. कार्बनच्या रिमला तिच्यासाठीचंच रबर लागतं. तेलाच्या डिस्क ब्रेकमध्ये काहींना मिनरल ऑइल, तर काहींना डॉट तेल चालतं. अदलाबदल झाली तर आतले सील खराब होतात. ते काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावं.

ब्रेक कोणीही बसवलेले असोत, घराबाहेर पडण्याआधी दोन्ही लिव्हर एकदा पूर्ण ताकदीनिशी दाबून बघा. एखादी जरी हँडलला टेकली, तरी त्या दिवशी सायकल महामार्गावर नेऊ नका.